सिंहस्थाची कामं संपल्यावर रोजगार उरेल का?

प्रश्न विचारणारा पोरगा दिंडोरीकडचा आहे, सिव्हिलचा डिप्लोमा झालाय आणि सध्या सिंहस्थाच्या एका रस्त्याच्या कामावर ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, "सर, सिंहस्थाच्या नावाने एवढे हजारो कोटी नाशकात येतायत, त्यातून आमच्यासारख्यांना कायमचा रोजगार मिळणार का, की मेळा उरकला की पुन्हा घरी? माझा रूमपार्टनर कॉमर्सचा आहे, तो म्हणतो सरकार रोजगार निर्माण करूच शकत नाही, टॅक्स म्हणून एकाच्या खिशातून काढतं नि दुसऱ्याच्या खिशात घालतं, बाकी काही नाही."

बघ, माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात रोजगार हमीच्या आणि छोट्या पाटबंधाऱ्यांच्या कामांवर झाली, हजेरीपट तपासायचे, मापं घ्यायची, मापपुस्तक लिहायचं, आणि रिटायर झाल्यापासून नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांची सरकारी टेंडरं, बिलं, कागदपत्रं बघतो. म्हणजे सरकारी पैसा देताना आणि घेताना, दोन्ही बाजूंनी बघितलाय. माझं उत्तर असंय की मिळतो, टिकणारा रोजगार सरकारी खर्चातून मिळतो आणि आपल्या जिल्ह्यात त्याची धडधडीत उदाहरणं आहेत, पण ज्या कामावर पैसा खर्च होतो त्या कामावर तो क्वचितच मिळतो. काम संपल्यावर तिथं जे उरतं ना, त्याच्या जिवावर लोक पुढं जे उभं करतात त्यात मिळतो. म्हणून किती कोटी आले हा आकडा ऐकून मला काहीच कळत नाही, पैसा थांबला की तिथं काय उरणार आणि ते चालू कोण ठेवणार हे विचारलं की बरंच कळतं.

आधी तुझ्या रूमपार्टनरचं घेऊ, कारण त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाहीये. पगारदार माणसाच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो कर महाराष्ट्राने १९७५ साली आणला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, मागेल त्याला काम ही कल्पना त्यांची, बहात्तरच्या दुष्काळात ती राज्यभर मोठ्या प्रमाणावर राबवली गेली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राचा रोजगार हमी कायदा आला तो २००५ ला, म्हणजे आपल्यानंतर पाव शतकाने. तर मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा सुरगाण्याच्या मजुराच्या हातात गेला, हे अगदी खरं आहे, रूमपार्टनर म्हणतो तसंच झालं. पण तो मजूर त्या वेळी काय करत होता हे त्याने विचारलेलं नाही. मे महिन्यात वर डोंगरात नागलीचं शेत कोरडं पडलेलं, खाली निफाडकडं द्राक्षाचा हंगाम उरकलेला, माणूस घरी बसून. त्या माणसाला कामाला लावलं तर दुसऱ्या कुणाचं काम हिरावून घेतलं असं होत नाही, जे हात रिकामे होते त्यांनी एक बांध घातला. हेच काम ऑक्टोबरात काढलं तर मात्र रूमपार्टनर बरोबर ठरतो. कारण तेव्हा निफाड-दिंडोरीत द्राक्षाची छाटणी निघते, मग विरळणी, डिपिंग, पेठ, सुरगाणा, हरसूलकडून गाड्या भरभरून माणसं खाली येतात, आणि त्या वेळी तू सरकारी काम काढलंस तर नवीन रोजगार झालाच नाही, एका मालकाचा मजूर दुसऱ्या मालकाकडे गेला फक्त. कॅलेंडर बघून काम काढलं की नाही यावर अर्धी गोष्ट ठरते, आणि हे मंत्रालयात बसून दिसत नाही, तालुक्यालाच दिसतं.

बागायतदार आमच्याकडे तक्रार घेऊन यायचे की साहेब तुमच्या हमीमुळे मजूर चढून बसलेत, रोज वाढवून मागतात. रोज थोडा वाढतो हे खरंय. पण आंध्रमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी मोठ्या प्रमाणावर पाहणी केलेली आहे, मुरलीधरन, निहाउस आणि सुखटणकर या तिघांनी, तिथं हमी योजनेची मजुरी स्मार्टकार्डवर वेळेत मिळायला लागली तेव्हा गरीब घरांचं उत्पन्न वाढलं आणि त्या वाढीतला ८६ टक्के भाग योजनेच्या बाहेरच्या कमाईतून आला, म्हणजे बाजारातल्या कामातून. शिवाय बाहेरचं काम कमी झालं असंही दिसलं नाही. मला ते वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही, कारण ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे त्याला पडेल त्या भावात राबवून घेता येत नाही, हे आम्ही साइटवर रोज बघत होतो.

आता टिकण्याचं. हमीचं काम म्हणजे खड्डे खणा आणि बुजवा असं लोक बोलतात, आणि काही कामं तशी झालीसुद्धा, रस्त्याच्या कडेला खडी फोडून ढीग लावले नि ते ढीग तसेच गवतात गडप झाले, पाझर तलाव असे झाले की पाझर आहे पण खालच्या अंगाला विहीरच नाही. पण त्याच रोजगार हमीतून १९९० च्या सुमाराला एक निर्णय झाला, फळबाग लागवड हमीला जोडायची. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डे खणायचे, कलमं लावायची, आणि त्याची मजुरी त्याला हमीतून मिळायची, लहान शेतकरी, मागासवर्गीय, आदिवासी यांना तर पूर्ण अनुदान. या एका निर्णयाबद्दल मला आजही मनापासून बोलावंसं वाटतं, कारण त्याची मांडणी फार विचाराने केलेली होती. पैसे एकदम द्यायचे नाहीत, तीन वर्षांत द्यायचे, आणि पुढचा हप्ता झाडं जगली तर. आम्ही मोजायला जायचो ते झाड न् झाड मोजायचो, वाळलेल्या कलमाला नुसता ओला गोणपाट गुंडाळून उभं केलेलं असलं तर खोड नखाने जरा खरवडायचं, आत हिरवं दिसलं तर जिवंत धरायचं. आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात पालापाचोळा, शेणखत, वरची माती आधी नि मुरमाड माती नंतर. जो माणूस कालपर्यंत दुसऱ्याच्या बांधावर टोपली वाहत होता तो स्वतःच्या बांधावर तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून कलमं जगवायला लागला, कारण मजुरीही त्याची आणि झाडही त्याचं.

मालेगाव, सटाणा, देवळा पट्ट्यात डाळिंब त्या काळात असं पसरलं की बघत राहावं. आणि डाळिंब आलं की एकटं येत नाही. रोपवाटिका आली, छाटणीच्या टोळ्या आल्या, ठिबकचं दुकान, औषधाचं दुकान, क्रेट, पुठ्ठ्याचे बॉक्स, पॅकिंगला गावातल्या बायका, आखातात माल पाठवणारे व्यापारी, टेम्पो, त्या टेम्पोचं गॅरेज. यातल्या एकालाही सरकारने पगार दिलेला नाही. सरकारने खड्ड्याचे पैसे दिले आणि तीन वर्षांनी हात काढून घेतला. आता पुढं डाळिंबावर तेल्या रोग आला, बागाच्या बागा उपटाव्या लागल्या, कित्येकांचं कंबरडं मोडलं, हेही तितकंच खरं आहे, आणि तेव्हा रोगावरचं संशोधन, स्वच्छ रोपं याच्यावर जेवढ्या तातडीने खर्च व्हायला हवा होता तेवढा झाला नाही असं माझं मत आहे. टिकणारा रोजगार म्हणजे कधीच न मरणारा रोजगार असं कुणी समजू नये, बाजार आणि रोग कुणालाच सुटत नाहीत. पण ज्यांनी डाळिंब केलं होतं त्यांच्याकडे विहीर होती, ठिबक होतं, बाजार कळलेला होता, ते कांद्याकडे गेले, भाजीपाल्याकडे गेले, पुन्हा टोपली घेऊन बांधावर आले नाहीत.

दुसरं उदाहरण एकाच गावाचं आहे, ओझर. तिथं सरकारी पैशाची दोन वेगवेगळी कामं शेजारी शेजारी बघायला मिळतात. एक तर एचएएल, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना, १९६४ सालचा. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि १९६३ ला नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेत गेले होते, त्यामुळे कारखाना इथं का आला हे वेगळं सांगायला नको. तुझा रूमपार्टनर म्हणेल की हा राजकारणातून आलेला कारखाना, धंद्याच्या हिशोबाने आलेला नाही. असेल. पण साठ वर्षांत त्या कारखान्याने जे दिलं ते पगारापेक्षा मोठं आहे असं मी म्हणतो. मायक्रॉनमध्ये मोजायची सवय दिली. एखाद्या पार्टला क्रॅक आहे का हे रंग लावून तपासायचं, प्रत्येक पार्टचा कागद ठेवायचा, हा तुकडा कुठल्या बारमधून कापला, कुणी कापला, कुणी तपासला, सगळं. तिथं शिकलेली माणसं, त्यांची पोरं, शेजारची आयटीआयवाली पोरं सातपूर-अंबडला आली, कुणी दुसऱ्याकडे लागलं, कुणी दोन मशिनं टाकून स्वतःचं सुरू केलं. आज अंबडच्या एखाद्या गाळ्यात जा, बाहेरून पत्र्याची शेड, आत एसी लावलेली काचेची खोली आणि तिच्यात सीएमएम, म्हणजे पार्टची बारीक मापं घेणारं मशिन, ग्रॅनाइटच्या टेबलावर हातभर पार्ट ठेवून एक पंचविशीची मुलगी स्क्रीनवर मापं बघत बसलेली असते. ती मुलगी सरकारी नोकर नाही, तिचा मालकही नाही, पण ती खोली १९६४ सालच्या त्या खर्चाशिवाय तिथं नसती.

पण इथंच दुसरी बाजूही दिसते. सुखोईच्या आधीच्या ऑर्डरी पुऱ्या होत आल्या तेव्हा मधली काही वर्षं कामाची चणचण होती, आणि त्याचा मार पहिला कुणाला बसला, तर कारखान्यातल्या कायम कामगाराला नाही, बाहेरच्या छोट्या व्हेंडरला. मोठ्या मशिनचा हप्ता बँकेला दर महिन्याला जातो, ऑर्डर मात्र दर महिन्याला येत नाही. मग डिसेंबर २०२४ ला १२ नव्या सुखोईंचा करार झाला, साधारण १३,५०० कोटींचा, आणि तेजसची नवी लाइन नाशिकला आली, तिच्यावरचं पहिलं विमान १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. आता पुन्हा हालचाल आहे. सरकार जेव्हा एकटंच गिऱ्हाईक असतं तेव्हा एकदम मोठी ऑर्डर देऊन मग पाच वर्षं गप्प बसण्यापेक्षा थोडी थोडी पण सलग ऑर्डर दिली तर तेवढ्याच पैशात जास्त माणसं कामावर टिकतात, हे मी दहा ठिकाणी बोललोय आणि अजून बोलेन. नाशिकरोडच्या प्रेसचं बघ ना, नोटांची प्रेस १९२८ पासून चालू आहे, कारण नोटा दर वर्षी लागतात. मशिनं बदलली, कामगार पूर्वीपेक्षा कमी झाले, तरी जेलरोड, उपनगर, देवळाली गाव या सगळ्या भागाचा बाजार कितीतरी वर्षं प्रेसच्या पगारावर चालला.

ओझरचंच दुसरं काम म्हणजे वाघाड धरणाचं पाणी. धरण दिंडोरी तालुक्यात, कालवा खाली ओझरपर्यंत. धरण बांधून झालं, कालवे झाले, कोट्यवधी खर्च झाले, आणि कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणीच पोचेना. वरचे लोक पाट फोडून घ्यायचे, चाऱ्या, म्हणजे कालव्याचे छोटे फाटे, गाळाने भरलेल्या, पाणीपट्टी वसूल होत नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पाणी नाही. मग नव्वदच्या दशकात ओझरला समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी स्वतः चाऱ्या साफ केल्या, पाणी मोजून घ्यायचं ठरवलं, संस्थेला जेवढं पाणी दिलं तेवढ्याचेच पैसे, पाळी ठरलेली, आणि शेपटाच्या माणसालाही पाणी मिळणार याची खात्री. पुढं वाघाडच्या अख्ख्या प्रकल्पाचंच व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांनी हातात घेतलं, आणि राज्याने २००५ ला पाणीवापर संस्थांचा कायदा केला. पाण्याची खात्री झाल्यावर पीक बदललं, ज्वारी-बाजरीच्या जागी द्राक्ष, टोमॅटो, भाजीपाला. आता हिशोब कर, एकरभर बाजरीला किती माणूस लागतं आणि एकरभर द्राक्षाला किती, बारा महिने काही ना काही चालूच असतं. धरण तेच, कालवा तोच, मोठा नवीन खर्च जवळपास नाहीच, रोजगार मात्र कितीतरी पटीने. म्हणून मला नवीन धरणाच्या नारळापेक्षा जुन्या चारीच्या दुरुस्तीची फाइल जास्त महत्त्वाची वाटते, पण दुरुस्तीच्या फाइलवर कोनशिला बसत नाही.

लासलगावचं पण सांगतो, कारण ते फार शिकण्यासारखं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ ला लासलगावला कृषक नावाचं विकिरण केंद्र उभारलं, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. तंत्र चांगलं, जागा एकदम बरोबर, देशातला सगळ्यात मोठा कांदा बाजार तिथं. पण व्यापाऱ्याला तो खर्च परवडेना, कांद्याचा भाव असा की कधी काय होईल सांगता येत नाही, मग पैसे मोजून टिकवायचा कुणी, आणि केंद्र कांद्यासाठी म्हणावं तसं चाललंच नाही. २००७ ला अमेरिकेने भारतीय आंबा घ्यायचं कबूल केलं, अट अशी की विकिरण केलेला पाहिजे, आणि मग कोकणातला हापूस लासलगावला येऊन अमेरिकेला जायला लागला. मशिन पाच वर्षं तेच होतं. दार उघडलं ते बाजाराने. म्हणजे नुसतं बांधकाम करून भागत नाही, त्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देण्यासाठी सरकारला जे करार करावे लागतात, तपासण्या मान्य करून घ्याव्या लागतात, त्याला सिमेंटच्या मानाने काहीच खर्च येत नाही आणि रोजगार मात्र त्यानेच होतो.

हे सगळं उत्पादनाचं झालं. शाळा-दवाखान्यातल्या नोकऱ्यांना काही लोक खऱ्या नोकऱ्याच मानत नाहीत, पगार टॅक्समधून जातो म्हणून. हे मला मुळीच पटत नाही. पेठच्या उपकेंद्रात नर्स आहे म्हणून बाळंतीण वाचते, हे काम खरं नाही तर मग खरं काय. तिथं अडचण वेगळी आहे, पदं मंजूर असतात नि रिकामी असतात, किंवा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर भरतात, आणि दर अकरा महिन्यांनी ती बाई ऑर्डरच्या मागे जिल्ह्याला हेलपाटे मारते.

याउलट २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार, आधी सहा महिने आणि पुढं मुदत वाढवली. हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही, घरी बसलेल्या पोराला ते पैसे मोलाचेच होते. पण बरीच पोरं सरकारी ऑफिसात जाऊन आवक-जावक लिहीत बसली, आणि मुदत संपल्यावर आम्हाला कायम करा म्हणून आंदोलन करायला लागली. ज्यांना कारखान्यात मशिनवर बसवलं त्यांच्या हातात निदान काहीतरी आलं, अंबडला माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात आलेल्या पोरांपैकी काहींना मालकाने नंतर ठेवून घेतलं. तीच योजना, तेच पैसे. फरक एवढाच की मुदत संपली तेव्हा पोराच्या हातात काय होतं.

आकड्यांमध्ये बोलायचं तर दिल्लीच्या एनआयपीएफपी या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१३ च्या सुमाराला हिशोब मांडला होता, सरकारने भांडवली कामावर, म्हणजे रस्ते-धरणांसारख्या बांधकामावर, एक रुपया घातला तर देशाच्या उत्पन्नात जवळजवळ अडीच रुपयांची भर पडते, आणि तोच रुपया नुसता वाटला तर एक रुपयाच्या आसपास. केंद्राचा भांडवली खर्च म्हणूनच वाढत गेलाय, २०२५-२६ च्या बजेटला ११.२१ लाख कोटी ठेवले होते. पण अडीच रुपये उत्पन्न म्हणजे अडीच पट नोकऱ्या नाही हां. पाझर तलावाच्या मातीकामात जवळपास सगळा पैसा मजुरीत जायचा, हमीच्या कायद्यातही मजुरी ६० आणि साहित्य ४० असं प्रमाण होतं. तू आता ज्या काँक्रीट रोडवर उभा आहेस तिथं बघ, माल आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लँटवरून येतो, पेव्हर मशिन पसरवतं, मागं सांधे कापायला, पाणी मारायला मोजकी माणसं. पैसा सिमेंट, स्टील, डिझेल, मशिनचं भाडं याच्यात जातो, आणि त्यातलं बरंचसं नाशिकच्या बाहेर जातं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर कुणी फारसं बोलत नाही, ती म्हणजे बिल. सरकारी कामातून तयार झालेला रोजगार सगळ्यात जास्त कशाने मरतो तर उशिरा मिळालेल्या पैशाने. माझ्याकडे येणारा एक फॅब्रिकेटर आहे, सहा-सात माणसांचा धंदा, एका सरकारी खात्याला गेट आणि ग्रिलचा माल दिला, माल पास झाला, बसवून झाला, आणि बिल वर्ष उलटलं तरी नाही. दर वेळी नवीन कारण, निधी आला नाही, सही राहिली, टेबल बदललं. त्याने व्याजाने पैसे काढून पगार केले, मग दोन वेल्डर सोडून गेले, आणि पुढच्या टेंडरला त्याने भरलंच नाही. कायदा चांगला आहे, छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले पाहिजेत, नाही दिले तर चक्रवाढ व्याज लागतं, २००६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना २५ टक्के खरेदी छोट्यांकडून करायचीही सक्ती आहे. पण व्याजासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या मंडळाकडे गेलास की त्या खात्याचं पुढचं काम तुला मिळेल का ही भीती, म्हणून कुणी जात नाही. नवीन योजना जाहीर करण्याआधी जुनी बिलं दिली ना, तरी कितीतरी नोकऱ्या वाचतील, एक रुपयाही जादा खर्च न करता.

आता तुझ्या मूळ प्रश्नावर, सिंहस्थ. २००३ ला झाला, २०१५ ला झाला, दर वेळी घाट, रस्ते, साधुग्रामची तयारी, आणि दर वेळी मेळा संपला की ठेकेदाराच्या गाड्या दुसऱ्या जिल्ह्यात. मांडव, बॅरिकेड, तात्पुरती शौचालयं, लायटिंग याच्यात जो पैसा जाईल त्यातून दोन वर्षं काम मिळेल आणि संपेल, ते चुकीचं नाही, एवढी माणसं येणार तर सोय करावीच लागते, पण तिथं कायमचं काही शोधू नको. रिंगरोडसारख्या रस्त्याचं वेगळं आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला, इगतपुरीपासून खाली उतरायचा शेवटचा टप्पा झाला, त्याला आणि एमआयडीसींना जोडणारे रस्ते नीट झाले तर गोदामं, कोल्ड स्टोरेज, वाहतूक याच्यात काम येणार, फक्त ते रस्त्यावरच्या कामगाराला आपोआप मिळणार नाही आणि लगेचही मिळणार नाही.

तुझ्यासारख्या डिप्लोमावाल्याने माझ्या मते सांडपाण्याच्या कामांकडे बघावं. गोदावरीत घाण पाणी जाऊ द्यायचं नसेल तर तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक ही केंद्रं सुधारायला, वाढवायला लागतात, आणि एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, हे असं काम आहे की ते बांधून सोडून देता येत नाही. रात्रंदिवस चालतं. ऑपरेटर लागतो, इलेक्ट्रिशियन लागतो, पंपाचा फिटर लागतो, बीओडी-सीओडी, म्हणजे पाण्यात घाण किती उरली ते तपासणारा केमिस्ट लागतो, आणि ठेक्यातच पुढची कित्येक वर्षं चालवायची अट घालता येते. रस्त्यावर बारा तास उभं राहण्यापेक्षा तुझ्याच ठेकेदाराचं किंवा दुसऱ्या कुणाचं असं काम चालू असेल तर तिथं बदली मागून घे, पगार हजार-दोन हजार कमी मिळाला तरी. टेस्टिंग लॅबचं काम शिकायला मिळालं तर ते पण घे, क्यूब टेस्ट, डेन्सिटी, कोअर कटिंग, म्हणजे काँक्रीट-भरावाच्या मजबुतीच्या तपासण्या करणारी माणसं नाशकात कमी पडतात आणि खाजगी बिल्डरकडेही लागतात.

आणि कामावर आहेस तोवर दोन गोष्टी आजच बघ. तुझा पीएफ कापला जातोय का आणि पीएफ खात्याचा यूएएन नंबर तुझ्या नावाने निघालाय का, मोबाइलवर पासबुक उघडून बघता येतं, ठेकेदाराच्या क्लार्कच्या शब्दावर राहू नको. दुसरं म्हणजे तुझ्या साइटवरचे जे बिगारी, गवंडी, सेंट्रिंगवाले आहेत, त्यांना वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदाराकडून काढून दे, त्यावर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. प्रत्येक सरकारी बांधकामाच्या बिलातून एक टक्का उपकर या मंडळासाठी कापला जातो, म्हणजे तो पैसा त्यांच्याच नावाचा आहे, पोरांच्या शिक्षणाला, आजारपणाला मिळतो, आणि दाखला नाही म्हणून पेठ-सुरगाण्याची माणसं तशीच परत जातात. सुपरवायझरची हजेरीवही तुझ्याकडेच असते, तारखा नीट लिही, नावं आधार कार्डावर आहेत तशी लिही, आणि दर महिन्याला तिचा फोटो काढून ठेव.